पाठकोरा

हे लिहितेय ते पाहणीच्या फॉर्मच्या पाठीवर.
पुढे छापलंय: इमारत, मजला, खोली,
दिवे किती, पंखे किती, कोणी नसताना चालू किती.
कागद पातळ. शेवटचा प्रश्न आरपार उमटलाय,
उलटा, माझ्या ओळींच्या मधोमध.
त्याच्यावरूनच लिहावं लागतंय.

बडोद्यात एप्रिल. रात्रीचे साडेनऊ,
तरी विज्ञान शाखेच्या पायऱ्या तव्यासारख्या.
फॉर्म माझ्याकडे, किल्ल्या पागेदारकाकांकडे.
एकतीस वर्षं वायरमन, पुढच्या महिन्यात निवृत्त.
दार उघडण्याआधी ते कान लावतात.
"चोक बोलतो," म्हणाले,
"आत माणूस असला की ऐकू येत नाही."
मला कळलं नाही. कोपऱ्यात टिपून ठेवलं.

खोली बारा: सहा ट्यूब, चार पंखे, माणूस शून्य.
खोली चौदात प्रोजेक्टर
निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढंच
रिकाम्या बाकांना शिकवत होता.
पंधरात एक मुलगा
उष्मागतिकीच्या वहीवर गाल टेकून झोपलेला,
एन्ट्रॉपीच्या खाली लाळेचा ठिपका.
काकांनी पाचांतले चार दिवे मालवले,
पंखा राहू दिला.
याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

मेसच्या मागे रमीलाबेन पिंपाशी.
आज किती?
"सत्तावीस किलो. अने बधी आखी रोटली."
अख्ख्या. एक घासही न मोडलेल्या.
त्यांनी एक उचलली, फुलली होती छान,
दोन्ही बाजूंनी पाहिली
जशी बाजारात नोट पाहतात,
आणि परत टाकली.
पलीकडे काळोखात विश्वामित्री.
"मगर म्हणे महिन्यातून एकदा जेवते," काका म्हणाले.
हेही लिहू का, विचारलं मी.
ते हसले नाहीत.

इथून पुढे कागद बदललाय.
फॉर्म संपले तळमजल्यावर, खोली चारपाशी.

दाराला कुलूप, जुडग्यात किल्ली नाही,
आणि फटीतून वारा येऊन
माझ्या चपलेतल्या बोटांना लागत होता.
काकांनी कानसुद्धा लावला नाही.
"चालू आहे. दोन वर्षं झाली."
ज्यांची खोली ते साहेब कॅनडात मुलाकडे,
किल्ली बहुधा त्यांच्या खिशात.
कुलूप तोडायचं तर पंचनामा लागतो.
फ्यूज काढावा तर याच लाइनवर
पाच नंबरमधला फ्रीज, आणि त्यात
कुणाच्या तरी पीएचडीचे जिवाणू.

मी पायरीवर बसून गुणाकार केला.
पंच्याहत्तर वॅट, चोवीस तास, सातशेतीस दिवस.
तेराशे चौदा युनिट.
"आमच्या घरी वर्षभर पुरते," ते म्हणाले,
"बायको फ्रीज पण उघडून उभी राहत नाही."
मग पिशवीतून एक गठ्ठा काढला.
सात अर्ज, प्रत्येकी तीन प्रती.
मूळ प्रत गेली, दुसरी गेली,
तिसरी त्यांच्यापाशी राहिली.
"घे. पाठकोरे आहेत."

तर आता माझ्या अक्षरांमागे
त्यांचं अक्षर दिसतंय, किरटं, उजवीकडून डावीकडे.
सविनय. खोली क्र. ४. कृपया.
दिव्यासमोर धरला कागद
की दोघांचं एकमेकांत मिसळतं
आणि कुणाचंच धड लागत नाही.

हॉस्टेलवर पोचेपर्यंत बारा वाजले.
पल्लवी कूस बदलून म्हणाली, लाइट.
दोन मिनिटं, म्हटलं.

ते मुलाचे चार दिवे मालवताना
काकांनी बटण असं दाबलं होतं,
अंगठ्याने, सावकाश,
खट् वाजू न देता.
ते तेवढं लिहायचं राहिलं होतं.
बाकी पाठ आहे.

पल्लवी, झालं.